जळक्या ऑइलचा अहवाल : ट्रकसाठी वंगण निवडणाऱ्यांना प्रस्तावना

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर, द्वारका चौकातल्या ऑइलच्या दुकानांत, पिंपळगाव बसवंतच्या गॅरेजांत एक प्रश्न रोज विचारला जातो : “गाडीला कोणतं ऑइल टाकू?” दुकानदार डब्याकडे बोट दाखवतो, मिस्त्री आपल्या अनुभवाकडे, आणि शेजारी उभा असलेला दुसरा मालक सांगतो की आमच्या गाडीला तर वर्षानुवर्षे हेच चालते. तिन्ही उत्तरांत काही ना काही तथ्य असते. पण ज्या ऑइलने त्या इंजिनात हजारो किलोमीटर काम केले, ते चेंबरचा नट उघडताच पिंपात जाते आणि त्याला कोणी काही विचारत नाही. त्या धारेतले शंभर मिलिलिटर स्वच्छ बाटलीत धरून प्रयोगशाळेत पाठवले, तर लायनर किती झिजला, धूळ कुठून आत आली, नोझल डिझेल गाळते का, पाणी शिरले का, आणि ऑइलमध्ये अजून किती दम होता, यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात. वापरलेल्या तेलाच्या विश्लेषणाची विद्या ती हीच. ट्रकमालक, फिटर, डिप्लोमाचा विद्यार्थी, ऑइल विकणारा दुकानदार, कोणालाही तिच्यात प्रवेश आहे. दहावीपर्यंतचे रसायनशास्त्र आणि नीट नोंद ठेवण्याची सवय एवढे भांडवल सुरुवातीला पुरते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच पानावर सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. हा अहवाल सर्वांत आधी गाडीविषयी आणि तिच्या कामाविषयी बोलतो; ऑइलविषयी त्यानंतर, आणि हळू आवाजात. लोखंडाचा आकडा जास्त आला म्हणजे ऑइल वाईट, असा निष्कर्ष काढणारा माणूस खऱ्या आकड्यांवरून चुकीचे ऑइल निवडतो. आधी गाडी समजून घ्यायची, मग रस्ता, मग डिझेल, आणि मग डबा. या क्रमानेच पुढे जाऊ.

ही विद्या ट्रकच्या दुनियेत जन्मली नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे वाफेकडून डिझेलकडे वळत होत्या. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेच्या प्रयोगशाळेने १९४६च्या सुमारास दाखवून दिले की वापरलेल्या ऑइलमधल्या धातूंवरून इंजिनातला बिघाड ते उघडण्याआधीच ओळखता येतो. तत्त्व जुनेच होते. तापवलेले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देते, हे बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६०च्या सुमारास सिद्ध केले होते. ऑइलचा थेंब विजेच्या ठिणगीत किंवा आर्गॉनच्या प्लाझ्मात नेला, की लोखंड, तांबे, शिसे, ॲल्युमिनियम आपापल्या प्रकाशाने उजळतात आणि यंत्र त्या प्रकाशाची तीव्रता मोजते. पुढे लष्करी विमानदलांनी ही पद्धत उचलली, आणि आपल्याकडे भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडांतही ती रुजली. रेल्वे आणि विमानदलांना एक मोठी सोय होती : एकाच जातीची शेकडो इंजिने, एकच मालक, एकच नोंदवही. आपल्याकडचे बहुतेक ट्रकमालक एक ते पाच गाड्यांचे धनी असतात. त्यामुळे ही विद्या रेल्वेकडून जशीच्या तशी उचलून चालत नाही, तिला लहान मालकाच्या मापाने बेतावे लागते.

अहवालातले आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे दिलेले असतात. चेंबरमध्ये वीस लिटर ऑइल आहे आणि अहवाल लोखंड ५० पीपीएम सांगतो असे धरू. वीस लिटर ऑइलचे वजन साधारण साडेसतरा किलो. त्यात लोखंड भरते एक ग्रॅमहूनही कमी. इतक्या बारीक झिजेवरून आपण लाखो रुपयांच्या इंजिनाविषयी बोलतो, म्हणून नमुना घेताना लागलेली चिमूटभर माती किंवा आधी दुसरे काही भरलेली बाटली सगळा अर्थ बिघडवू शकते.

कोणता धातू कोणत्या भागातून येतो, याचे कोष्टक प्रत्येक पुस्तकात असते. लोखंड मुख्यतः लायनर, क्रँक, कॅम आणि गिअरमधून येते, ॲल्युमिनियम पिस्टनमधून, क्रोमियम रिंगमधून, शिसे, कथील आणि तांबे बेअरिंगमधून. सोडियम आणि पोटॅशियम दिसले तर कूलंट ऑइलमध्ये शिरल्याची शंका घ्यायची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि फॉस्फरस हे बहुतांशी ऑइलच्या स्वतःच्या ॲडिटिव्हमधले असतात. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. अवघड भाग पुढे आहे, कारण कोणताही धातू एकटा काही सांगत नाही. आकड्यांच्या जोड्या आणि टोळ्या वाचाव्या लागतात.

नाशिकच्या गाड्यांसाठी यातली सर्वांत महत्त्वाची टोळी धुळीची आहे. आपला सारा मुलूख बेसाल्टचा. दगडखाणींवर आणि क्रशरवर फिरणारे टिपर, शेतरस्त्यावरून द्राक्षे आणि टोमॅटो उचलणाऱ्या गाड्या, बाजार समितीच्या आवारात उन्हाळी कांदा भरणारे ट्रक, ही सर्व वाहने वर्षातले आठ महिने बारीक धूळ श्वासात घेतात. बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका आणि त्याखालोखाल ॲल्युमिना असते. म्हणून धूळ इंजिनात शिरली की अहवालात सिलिकॉन वाढते, त्याच्यासोबत थोडे ॲल्युमिनियम वाढते आणि पाठोपाठ लोखंड व क्रोमियम चढतात, कारण ते कण रिंग आणि लायनर यांच्यामध्ये कानशीसारखे घासतात. चारही एकत्र चढले तर ऑइलचा ब्रँड बदलण्यात अर्थ नाही. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज, त्याचे क्लॅम्प आणि फिल्टरची बैठक तपासायची. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने फिल्टरला हवा मारून तोच पुन्हा बसवायची पद्धत सर्रास आहे. त्या जोरदार हवेने कागदाला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढच्या अहवालात सिलिकॉन दिसते. महागडे सिंथेटिक ऑइल भरून ही धूळ पचवता येत नाही, आणि माझ्या मते आपल्या भागातल्या किती तरी इंजिनांचे आयुष्य ऑइलपेक्षा एअर फिल्टरच्या पाच-सहा क्लॅम्पांवर ठरते.

याच्या उलट, सिलिकॉन एकटेच चढले आणि बाकीचे धातू शांत राहिले, तर घाबरायचे कारण नसते. नुकतेच हेड उघडले असेल तर गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉन सीलंटचा अंश ऑइलमध्ये उतरतो. फेस होऊ नये म्हणून ऑइलमध्येच घातलेल्या ॲडिटिव्हमध्येही थोडे सिलिकॉन असते. म्हणून नव्या डब्यातल्या न वापरलेल्या ऑइलचा एक नमुना सुरुवातीलाच तपासून ठेवावा. तो आधार नसेल तर अहवालातले अर्धे आकडे अधांतरी राहतात.

धुळीनंतर डिझेल. नाशिक हा डिझेल इंजिनाचा जिल्हा आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. इगतपुरीला महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. सातपूरला बॉश, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडची मायको, नोझल आणि इंजेक्टर बनवत आली आहे, आणि मायको सर्कल हे नाव शहराच्या बोलण्यात पक्के बसले आहे. नोझलची फवारणी बिघडली की न जळलेले डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) खाली येतो, बेअरिंगवरचा थर कमजोर होतो. काही बीएस-६ इंजिनांत सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, तापवून साफ करण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा डिझेल सोडले जाते, तेव्हाही हेच होऊ शकते.

रॉकेलची भेसळ केलेल्या डिझेलने नोझल लवकर खराब होते, कारण रॉकेलमध्ये पंपाला आणि नोझलला लागणारे वंगणाचे गुण कमी असतात. या जिल्ह्यात त्या भेसळीची किंमत इंजिनांपुरती राहिलेली नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी भेसळ करणाऱ्यांना हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. इंधनाच्या शुद्धतेविषयी नाशिकमध्ये बसून लिहिणाऱ्याने हे नाव आदराने घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऑइलचा अहवाल भेसळ थेट पकडत नाही, हे खरे. पण घट्टपणा आणि फ्लॅश पॉइंट एकत्र खाली आले, तर इंधन ऑइलमध्ये उतरते आहे एवढे तो ठामपणे सांगतो, आणि पुढचा शोध नोझल, पंप आणि डिझेल भरण्याच्या जागेपर्यंत नेता येतो.

इथे एक फसवा प्रसंग नवख्या वाचकाने लक्षात ठेवावा. डिझेल ऑइलला पातळ करते आणि काजळी घट्ट करते. दोन्ही दोष एकाच वेळी असले, तर घट्टपणाचा आकडा अगदी योग्य जागी दिसतो. ४० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या आत असावा लागतो. अहवालात १४ आले म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि आत डिझेल व काजळी एकमेकांना झाकत असतात. म्हणून घट्टपणा कधीही एकटा वाचू नये. काजळीची टक्केवारी आणि इंधनाचे प्रमाण शेजारी ठेवूनच वाचावा. बोटांत ऑइल चोळून “दम गेला” किंवा “अजून चालेल” म्हणणाऱ्या मिस्त्रींच्या हाताला मी मान देतो. या दोन दोषांच्या बेरजेपुढे मात्र तो हातही लाचार आहे. काळ्या रंगावरून तर काहीच ठरत नाही. डिझेल इंजिनात चांगले ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

घट्टपणाचा विषय निघालाच आहे तर ग्रेडच्या निवडीबद्दल बोलायला हवे. १५डब्ल्यू-४० मधला ‘१५डब्ल्यू’ थंडीतल्या वागणुकीचा आहे. या वर्गाच्या ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते. आपल्या जिल्ह्यात निफाडचा पारा थंडीत एक अंकी तापमानावर उतरतो आणि वर्तमानपत्रांत बातमी येते. तरीही तो त्या चाचणीच्या किती तरी वरच राहतो. म्हणजे निफाडच्या थंडीसाठी ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू घेण्याची गरज नाही. दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात मालेगाव चाळिशी ओलांडते. पण इंजिनातले ऑइल थर्मोस्टॅट आणि कूलर यांच्या ताब्यात असते, बाहेरच्या चार अंशांनी त्याचे ग्रेड बदलायची पाळी सहसा येत नाही. १०डब्ल्यू-३० सारखी पातळ ऑइले विकली जातात ती मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी, आणि ती घ्यायची की नाही हे इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकावरून ठरते. कंपनीने ४० ग्रेड सांगितले असताना अहवालात घट्टपणा वारंवार १२.५ च्या खाली येत असेल, तर आधी डिझेल मिसळते का ते पाहावे. ते नसेल, तर त्या ऑइलमधले घट्टपणा टिकवणारे पॉलिमर इंजिनात तुटत आहेत असे समजावे. अहवालावरून ऑइलविषयी काढता येणाऱ्या ज्या थोड्या थेट निष्कर्षांवर भरवसा ठेवता येतो, त्यांपैकी हा एक आहे.

दुसरा थेट निष्कर्ष टीबीएनचा, म्हणजे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये ठेवलेल्या अल्कलीच्या साठ्याचा. डिझेलमधल्या गंधकापासून जळताना आम्ल तयार होते आणि हा साठा ते खात जातो. इथे गेल्या काही वर्षांत जमीनच सरकली आहे. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालत होते, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ मध्ये ते १० वर आले. गंधक इतके घटल्यावर मोठ्या टीबीएनच्या ऑइलची जुनी ओढ उरण्याचे कारण नाही. उलट बीएस-६ गाडीत तिचा तोटा होऊ शकतो. टीबीएन देणारी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची संयुगे जळल्यावर राख होतात. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, राख जळत नाही, ती साचत राहते. म्हणून एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीजे-४ आणि डिसेंबर २०१६ पासून आलेल्या सीके-४ वर्गांत सल्फेटेड राखेला १ टक्क्याची मर्यादा आहे. २००२ च्या सीआय-४ वर्गाला ती मर्यादा नव्हती.

नाशिकच्या एकाच अंगणात बीएस-३ चा टिपर आणि बीएस-६ चा ट्रेलर शेजारी उभे असतात, आणि मालकाला दोघांसाठी एकच पिंप हवे असते. त्याला सांगायचे ते असे : सीके-४ चे १५डब्ल्यू-४० बहुतेक जुन्या इंजिनांतही चालते, जुने सीआय-४ नव्या डीपीएफच्या गाडीत टाकू नये, आणि एफए-४ हा वर्ग कंपनीने स्पष्ट सांगितले असेल तरच घ्यावा, कारण तो मुद्दाम पातळ ठेवलेला आहे. कंपनीची मान्यता डब्यावर आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहायचे. त्या मान्यतेच्या चौकटीबाहेरचे ऑइल कितीही चांगल्या अहवालाने समर्थनीय ठरत नाही.

चौकट ठरली, आता तिच्या आतली निवड. इथेच खरी शिस्त लागते. सातबाऱ्यावर आजचे नाव दिसते, पण जमिनीचा व्यवहार करणारा जाणता माणूस मागचे फेरफारही काढून बघतो. एका अहवालाची किंमत अशीच मर्यादित आहे, अर्थ मिळतो तो ओळीने लावलेल्या चार-पाच अहवालांत. प्रत्येक नमुना एकाच पद्धतीने घ्यायला हवा. इंजिन गरम असताना, गाडी थांबल्यावर लगेच, ऑइलकाडीच्या नळीतून पंपाने ओढून घ्यावा. नळीतून शक्य नसेल तर चेंबर सोडताना पहिली आणि शेवटची धार टाळून मधली धरावी. बाटलीवर गाडीचा नंबर, एकूण किलोमीटर, या ऑइलचे किलोमीटर आणि मध्ये किती लिटर भर टाकली, हे लिहिलेच पाहिजे. भर टाकलेल्या ऑइलची नोंद हमखास राहून जाते, आणि ती राहिली की आकडे खोटे गोड होतात. वीस लिटरच्या चेंबरमध्ये पाच लिटर नवे ऑइल पडले, की लोखंडाचा आकडा आपोआप खाली येतो आणि टीबीएन वर जातो. इंजिन मात्र तेवढेच झिजलेले असते.

आकड्यांची तुलना किलोमीटरच्या हिशेबाने करावी. समजा एका गाडीत वीस हजार किलोमीटरनंतर लोखंड ३० पीपीएम आले आणि दुसऱ्या वेळी पस्तीस हजारांनंतर ४२. पहिल्या नजरेला दुसरा अहवाल वाईट दिसतो. दर हजार किलोमीटरला मोजले तर पहिल्या वेळी दीड, दुसऱ्या वेळी १.२. झिजेचा वेग उतरलेला आहे. क्रशरवरच्या टिपरला मात्र किलोमीटरचा हिशेब लागू करू नये. तो दिवसभरात थोडेच अंतर कापतो, पण इंजिन तासन्तास चालू असते. त्याला तासांची नोंद हवी. लासलगावच्या लिलावासाठी रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडीही काही प्रमाणात त्याच वर्गातली.

आता दोन ऑइलांची तुलना, जिच्यासाठी बहुतेक लोक या विषयाकडे येतात. नाशिक-मुंबई मार्गावरच्या एका मालकाने जून २०२५ मध्ये ऑइल बदलले असे धरू. काही महिन्यांनी झिजेचा वेग कमी दिसला आणि श्रेय नव्या डब्याला मिळाले. पण ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. न्हावाशेवाहून भरून येणारा त्याचा ट्रक आधी कसारा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढायचा, आता तो बोगद्यातून एका लयीत येतो. शिवाय जूनमध्ये पाऊस लागला आणि धूळ बसली. द्राक्षांचा हंगाम संपलेला असल्याने भारही बदलला असेल. इतक्या गोष्टी एकदम बदललेल्या असताना ऑइलचा वाटा वेगळा काढणार कसा? त्यासाठी उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशी आणि घाटाची घाटाशी करावी. दोन सारख्या गाड्या एकाच मार्गावर असतील तर एकीत जुने आणि दुसरीत नवे ऑइल टाकावे, आणि काही बदल्यांनंतर अदलाबदल करावी. प्रयोगशाळेत एकच नमुना दोनदा तपासला तरी आकडे थोडे हलतात, म्हणून लोखंड २० ऐवजी २२ आले या फरकावर कोणताही निर्णय घेऊ नये.

ऑइल बदलल्यानंतरचा पहिला अहवाल तर निकालात धरूच नये. चेंबर रिकामा केला तरी थोडे जुने ऑइल आत उरते, आणि दोन्हींच्या ॲडिटिव्हची सरमिसळ होते. शिवाय नव्या रसायनाने ऑइल कूलरच्या तांब्यावरचा जुना थर सुटू लागतो आणि तांब्याचा आकडा एकदम उसळतो. बेअरिंग गेले असे वाटून मालक घाबरतो, इंजिन खोलायला निघतो किंवा चांगले ऑइल परत करतो. शिसे आणि कथील जागच्या जागी असतील, तर ते तांबे बहुधा बेअरिंगचे नसते. दोन-तीन बदल्यांत आकडा आपोआप उतरतो.

या विद्येच्या मर्यादा स्पष्ट सांगणे हेही माझे कर्तव्य आहे. नेहमीचा स्पेक्ट्रोमीटर पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट मोजत नाही. एखादे बेअरिंग किंवा कॅम फुटून मोठे तुकडे सुटत असतील, तर अहवाल सौम्य दिसू शकतो. म्हणून प्रत्येक बदलीला जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पाहण्याची सवय लावावी. चमकणारे कण आणि चुंबकाला चिकटणारा चुरा यांचा अर्थ लावायला प्रयोगशाळा लागत नाही. अचानक तुटणारा कनेक्टिंग रॉडचा बोल्टही अहवाल आधी सांगणार नाही. तो हळूहळू चालणाऱ्या गोष्टी सांगतो : झीज, धूळ, आम्ल, गळती.

खर्चाचा विचार केला तर तपासणीची फी एका बदलीच्या ऑइलपुढे लहान असते. ती खरी वसूल होते बदलीचे अंतर नेमके ठरवण्यात. टीबीएन शाबूत, काजळी कमी आणि झिजेचा वेग सपाट असेल, तर कंपनीच्या मर्यादेत राहून अंतर टप्प्याटप्प्याने वाढवता येते. टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला असेल तर थांबावे. एका गाडीच्या मालकाला हे एकट्याने करणे जड जाते. मला मनापासून वाटते की जिल्ह्यातल्या वाहतूकदारांच्या संघटनांनी एक सामायिक नोंदवही सुरू करावी : एकाच जातीची इंजिने, त्यांचे मार्ग, त्यांचे अहवाल, सगळे मालकांची नावे न देता. लहान मालक एकत्र आले तर रेल्वेकडे जी सोय होती ती त्यांच्याकडेही येईल. परदेशी कोष्टकांतल्या धोक्याच्या मर्यादा आपल्या धुळीला आणि आपल्या भारांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. नाशिकच्या मर्यादा नाशिकच्याच आकड्यांतून निघतील, आणि ते काम अजून व्हायचे आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून उपयोगी प्रकल्प मला सुचत नाही.

उरलेल्या ऑइलबद्दल थोडक्यात. दाराच्या चौकटींना आणि खांबांना वाळवीसाठी जळके ऑइल फासायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि गटारात ओतणारेही आहेत. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावे याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली गेली आहे. जळक्या ऑइलमधले धातू विहिरीत उतरू नयेत, एवढे तरी आपण पाहू.

शेवटी, नव्याने येणाऱ्यांसाठी खुले असलेले एक क्षेत्र. नाशिकच्या रस्त्यांवर सीएनजीवर चालणारी मालवाहू वाहने वाढत आहेत. गॅसच्या इंजिनात काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून ऑइल कितीही वापरले तरी सोनेरी-तपकिरी राहते आणि चालकाला ते ताजेच वाटते. प्रत्यक्षात ते डिझेल इंजिनापेक्षा जास्त तापते, हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी बिघडते, आणि अहवालात नायट्रेशन व ऑक्सिडेशनचे आकडे चढतात. शिवाय या इंजिनांच्या व्हॉल्व्हना थोडी राख लागते, तिचा पातळ थर बैठकीला झिजण्यापासून वाचवतो, तर फार राख झाली की तापलेले ठिपके तयार होतात. म्हणजे इथे राख कमीही चालत नाही आणि जास्तही. डिझेलसाठी घेतलेले पिंप गॅसच्या गाडीत ओतण्याआधी त्या गाडीचे पुस्तक उघडावे. मग पहिला नमुना नव्या डब्यातून घ्यावा, दुसरा पाच हजार किलोमीटरला, तिसरा दहा हजारला, आणि नायट्रेशनची रेषा कुठे वळते ते कागदावर काढून पाहावे.